मेंटॉस, स्निकर्स, किंडर जॉय, पारले-जी : या घरच्या कंपन्या शेअर बाजारात का येत नाहीत?

खडीसाखर

कोपऱ्यावरच्या वाण्याचा काउंटर डोळ्यांपुढे आणा. मेंटॉस, सेंटर फ्रेश, अल्पेनलिबे, चुपा चुप्स, स्निकर्स, टिक टॅक, किंडर जॉय, मेलडी, मँगो बाइट आणि मागच्या फळीवर पारले-जी. यातल्या एकाही मालाच्या कंपनीचा शेअर तुम्हाआम्हाला विकत मिळत नाही. पहिल्या चार वस्तू परफेटी व्हॅन मेलेच्या, म्हणजे इटलीतल्या परफेटी घराण्याच्या. स्निकर्स मार्स घराण्याचं. टिक टॅक आणि किंडर फेरेरोंचं. शेवटच्या तीन चौहानांच्या पारले प्रॉडक्ट्सच्या. गमी बेअरवाली जर्मन हरिबो तीही घरचीच.

नेस्ले, ब्रिटानिया, कॅडबरीची मालक माँडेलीझ या बाजारात आहेत, मान्य. पण सिमेंट, बँका या धंद्यांत इतक्या मोठ्या कंपन्या इतकी वर्षं घरात राहिलेल्या फारशा दिसत नाहीत. दोन प्रश्न आहेत :

१) लोकांकडून भांडवल न घेता एवढं वाढता येतं कसं?
२) मालकी घरची असल्याने गोळीत, वडीत, पुड्यात काही फरक पडतो का, की तो फक्त ताळेबंदात?

"परंपरा, जिव्हाळा, मूल्ये" ही उत्तरं नकोत. ती त्यांच्या वेबसाइटवर आहेत.

बॉयलरदादा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोखीत आहे. साखर, मैदा, पामतेल, ग्लुकोज, छापील फिल्म हे सगळं उधारीवर येतं. वितरक मात्र बहुतेक ठिकाणी गाडी सुटायच्या आधी पैसे भरतो. म्हणजे विक्रीचे पैसे आधी आणि कच्च्या मालाचे नंतर. असा धंदा वाढला की हातातली रोकड वाढते. सिमेंटवाल्याचं उलटं, त्याला भट्टी उभारायला आधी डोंगराएवढा पैसा लागतो आणि पहिलं पोतं दोन-तीन वर्षांनी निघतं.

शिवाय गोळीची लाइन नीट सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षं चालते. झिजतात ते साचे, सायझर रोलर आणि कटर. ते बदलायला शेअर विकावे लागत नाहीत.

आडकित्ता

तरीच वाणी उधारी देत नाही. वरूनच संस्कार आहेत.

ताळेबंद

बॉयलरदादांचं रोजच्या खर्चापुरतं बरोबर आहे. पण या कंपन्या नुसत्या रोकडीवर वाढलेल्या नाहीत, मोठ्या खरेदीच्या वेळी कर्ज काढतात. मार्सने २००८ मध्ये च्युइंगगमवाली रिग्ली घेतली ती सुमारे २३ अब्ज डॉलरला. त्यात वॉरन बफेटच्या बर्कशायरने ४.४ अब्ज डॉलरचं दुय्यम कर्ज दिलं, व्याज ११.४५ टक्के, आणि वर २.१ अब्ज रिग्लीच्या प्राधान्य भागांत घातले. कर्ज आधी फेडलं, प्राधान्य भाग २०१६ मध्ये परत घेतले आणि घर पुन्हा पूर्ण मोकळं झालं. २००८ च्या मंदीतही ११.४५ टक्के हा दर कडक होता. बाजारात शेअर विकले असते तर इतकं व्याज पडलं नसतं, पण मतांचा हक्क गेला असता. त्यांनी व्याज पत्करलं.

मार्सच्या पाच तत्त्वांतलं शेवटचं 'स्वातंत्र्य' आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ हाच : बाहेरचा मालक नको, सावकार चालेल. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी प्रिंगल्सवाली केलानोव्हा ३५.९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेही बरंचसं कर्जावरच.

आडकित्ता

घरचं लग्न, मांडव शेजाऱ्याचा, फक्त अक्षता आपल्या.

फुलपात्र

दुसरा प्रश्न जास्त रसाळ आहे. माझं मत : फरक पडतो, पण चवीत शोधाल तर सापडणार नाही. तो कच्च्या मालाच्या साखळीत आहे. फेरेरोचं हेझलनट घ्या.

जगातले साधारण दोनतृतीयांश हेझलनट तुर्कस्तानातून येतात. ओर्दू, गिरेसून, त्राब्झोन या काळ्या समुद्राकाठच्या चढांवर छोट्या छोट्या शेतकऱ्यांच्या बागा आहेत. ऑगस्टमध्ये तोडणी, बरीचशी हाताने, कारण उतारावर यंत्र चढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहोरानंतर एका रात्री कडाक्याचं हिम पडलं की वर्ष गेलं. २०१४ मध्ये असंच झालं, भाव भडकले. त्याच वर्षी फेरेरोने ओल्तान ही तुर्कस्तानातली मोठी हेझलनट कंपनीच विकत घेतली. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकापासून, चिलीत स्वतःच्या बागा लावायला घेतल्या होत्या. दक्षिण गोलार्धात तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, त्यामुळे वर्षातून दोनदा ताजा माल हातात.

हेझलनटचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी जेमतेम फळ धरतं आणि भरात यायला आठ-दहा वर्षं घेतं. दर तीन महिन्यांनी नफा विचारणाऱ्या भागधारकाला हे सांगून बघा.

ताजा माल का लागतो तेही सांगते. गराचा ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. वर राहिला तर बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. युरोपात थेट खायच्या हेझलनटला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे आणि त्यातल्या बी-१ ची ५. गरात ६० टक्क्यांच्या आसपास तेल असतं, तेही बहुतांशी असंतृप्त. गर फुटला किंवा भाजून पडून राहिला की खवट होतो. म्हणून साठवण कवचासकट किंवा थंड खोलीत, आणि भाजणं वापराच्या अगदी आधी.

हिशोबी_मांजर

फुलपात्रताई, बागेचा मुद्दा चांगला आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. लिंट झुरिकच्या बाजारात आहे आणि तिचं चॉकलेट कोणी वाईट म्हणत नाही. (एक नोंदणीकृत शेअर लाख फ्रँकच्या आसपास. तो घेण्यापेक्षा चॉकलेट खाल्लेलं परवडतं.) हर्शी बाजारात आहे, पण मतं मिल्टन हर्शीने स्थापलेल्या शाळेच्या ट्रस्टच्या हातात. २००२ मध्ये रिग्लीने मागणी घातली, २०१६ मध्ये माँडेलीझने, दोन्ही वेळा लग्न मोडलं. म्हणजे बाजारात असूनही दार बंद ठेवता येतं.

आणि घरची मालकी म्हणजे आपोआप काळजी, असं तर मुळीच नाही. २०२२ चं किंडर प्रकरण विसरू नका. बेल्जियमच्या आर्लों कारखान्यात १५ डिसेंबर २०२१ लाच साल्मोनेला सापडला होता. उगम निघाला लोण्यापासून काढलेल्या निर्जल दुग्धस्निग्धाच्या टाकीवरच्या गाळणीत. माल परत बोलावला एप्रिल २०२२ मध्ये, ईस्टरच्या तोंडावर, आणि तोवर कितीतरी देशांत पोरं आजारी पडली होती. ८ एप्रिलला तिथल्या अन्न खात्याने कारखान्याचा परवानाच काढून घेतला. डिसेंबर ते एप्रिल हे अंतर कोणत्या घरगुती मूल्यात बसतं?

बॉयलरदादा

मांजरीचा मुद्दा मान्य. पण चॉकलेटमध्ये साल्मोनेला इतका चिवट का, हे समजल्याशिवाय ती गाळणी समजणार नाही.

चॉकलेटमध्ये मोकळं पाणी जवळजवळ नसतं. त्यात साल्मोनेला वाढत नाही, पण मरतही नाही, महिनोन्‌महिने तग धरतो. चरबीच्या आवरणामुळे जठराच्या आम्लातूनही सुटतो, त्यामुळे आजारी पाडायला अगदी थोडे जंतू पुरतात. शेवटी मालाची तपासणी करून पकडू म्हणाल तर एका घाण्यात जंतू कुठेतरी दोन-चार ठिकाणी असतात, नमुना बाजूने निघून जातो.

आता घोटाळ्याचं मूळ. अशा कारखान्यात पाण्याने धुणं हाच धोका असतो. पाणी गेलं की चरबीच्या आत, सांध्यात, गाळणीच्या जाळीमागे ओलसर कोपरे होतात आणि तिथे जंतू वाढतात. म्हणून कोरडी सफाई : खरवडायचं, व्हॅक्यूमने ओढायचं, गरम चरबी फिरवून काढून टाकायची. पाणी वापरलंच तर भाग सोडवून बाहेर नेऊन धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच बसवायचा. बाहेर न काढता येणारी गाळणी, जाळीमागे माल साचून राहणारा कोपरा, दुहेरी जॅकेटच्या टाकीला बारीक चीर पडून आत झिरपणारं गरम पाणी, नेहमीचे चोर हेच. खरी कसोटी म्हणजे एक नमुना पॉझिटिव्ह आल्यावर फक्त तो घाणा अडवता, की मागच्या शेवटच्या पूर्ण सफाईपासूनचा सगळा माल अडवता. दुसरं महाग पडतं आणि तिथेच सगळे कचरतात, घरचे असोत की बाजारातले.

प्राजक्त_पानगळ

गमी बेअरवर कोणीच बोलत नाही? हरिबो म्हणजे हान्स रीगल, बॉन. नावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून १९२० मध्ये हा शब्द झाला. शंभर वर्षं मुख्यतः फळांच्या गमी आणि लिकोरिस (ज्येष्ठमधाच्या गोळ्या). इतका अरुंद माल घेऊन बाजारात गेलात तर पहिलाच विश्लेषक विचारेल, चॉकलेटमध्ये कधी उतरताय?

गूळपोळी

प्राजक्तताई, घरी गमी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक सांगून टाकते. जिलेटिन आणि आंबटपणा एकत्र उकळतात. जिलेटिन हे प्रथिन आहे, गरम आणि आंबट एकत्र आलं की तुकडे पडतात, मग गमी सकाळी चमच्याने खावी लागते. साखर-ग्लुकोजचा पाक वेगळा उकळा, ८० अंशांपर्यंत खाली आणा, तेव्हा भिजवलेलं जिलेटिन घाला. सायट्रिक अगदी ओतायच्या आधी. जिलेटिन २०० ते २५० ब्लूमचं (ब्लूम म्हणजे घट्टपणाचं माप), एकूण वजनाच्या ६ ते ९ टक्के.

कारखान्यात साचे धातूचे नसतात. ताटात कोरडा मक्याचा स्टार्च पसरून त्यावर अस्वलाचे ठसे उमटवतात आणि त्या खड्ड्यांत पाक सोडतात. स्टार्चचा ओलावा ६ ते ८ टक्के. जास्त असेल तर तो पाकातलं पाणी ओढत नाही. कमी असेल तर ठसा ढासळतो. ताटं साधारण दिवसभर खोलीत ठेवायची, मग स्टार्च झटकून मेण-तेलाचा हात.

बाकी आपल्याकडे जिलेटिन म्हणजे तपकिरी खूण. हिरव्या खुणेसाठी पेक्टिन किंवा स्टार्चवर जावं लागतं. पेक्टिनची गमी दाताखाली तुटते, जिलेटिनची ताणते, हा फरक रेसिपीने झाकता येत नाही.

उंबरठा

अवांतर : स्निकर्सवर भारतात हिरवी खूण आहे. नूगा (आतला फेसाळ थर) फेसायला जगभर अंड्याचा पांढरा बलक वापरतात, इथे अंड्याशिवाय फेसतात. घरच्या कंपनीने शाकाहारी घराचं ऐकलं.

सोलापुरी_चादर

परदेशातून परत या. पारले-जीचं वजन दरवर्षी घटतंय, यावर या थोर घराण्यांचं काय म्हणणं?

ताळेबंद

चादरसाहेब, ते घराणं मोठं की छोटं यावर नाही, नाण्यावर अवलंबून आहे. १०० ग्रॅम ४ रुपयांना बरीच वर्षं होतं. मग किंमत तीच ठेवून ९२.५, ८८ असं उतरत गेलं, पुढे ५ रुपयांचा पुडा ५५ ग्रॅमवर आला. ५ चं नाणं सोडून ५.५० केले तर अर्धा रुपया कुठून आणायचा? म्हणून भाव स्थिर आणि वजन हलतं.

कराचाही हात आहे. जीएसटीच्या आधी किलोला १०० रुपयांपर्यंतच्या बिस्किटांवर केंद्रीय अबकारी नव्हती. २०१७ मध्ये सरसकट १८ टक्के आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट, गोळ्या ५ टक्क्यांवर. आता हिशोब करा. ५ रुपये भागिले १.१८ गुणिले १.०५ म्हणजे ४.४५ रुपये. हे नाणंच नाही. उलट बाजूने जा, किंमत ५ ठेवा, तर वजन १.१८ भागिले १.०५, म्हणजे १२.४ टक्के वाढायला हवं. ५५ ग्रॅमचे ६१.८ ग्रॅम.

सोलापुरी_चादर

मग घाला की सात ग्रॅम. त्यात एवढं काय?

बॉयलरदादा

हेच 'त्यात काय' लाइनवर फार महागात पडतं.

बिस्किटं पुड्यात उभ्या कडेवर रांगेने बसतात. सात ग्रॅम म्हणजे अख्खं एक बिस्किट आणि वर थोडं. थोडं घालता येत नाही. तेव्हा एक तर बिस्किट वाढवून प्रत्येकाचं वजन किंचित बदलायचं, नाहीतर नुसतंच जाड करायचं. वजन बदलायचं तर कणीक कापणाऱ्या रोलरची फट बदलते, भट्टीतला वेळ बदलतो, कारण जाड बिस्किटाच्या पोटातलं पाणी उशिरा निघतं. मधला ओलावा जास्त आणि कडेचा कमी राहिला तर बिस्किट पुड्यात दोन दिवसांनी आपोआप तडकतं. बाहेरून कोणी हात लावलेला नसतो, तरी चिरा. म्हणून भट्टीनंतर थंड करणारा पट्टा भट्टीच्या दीड ते दोन पट लांब ठेवतात. तो घाईने संपवला की तडा ठरलेला.

मग फिल्म. छापील फिल्मवर ठरावीक अंतराने खूण असते, फोटोसेल ती बघून सुरी चालवतो. पुडा लांबला की खुणेचं अंतर बदलतं, म्हणजे नवे छपाईचे सिलिंडर आणि जुनी फिल्म रद्दी. १२ बिस्किटांच्या रांगेत प्रत्येक बिस्किट फक्त ०.२ मिलिमीटर जाड झालं तरी रांग २.४ मिलिमीटर लांबते. सुरी बिस्किटावर बसते, टोकाच्या शिवणीत चुरा अडकतो, शिवण धरत नाही, आणि पावसाळ्यात तो पुडा वाण्याकडे मऊ पडतो. गिऱ्हाईक म्हणतं बिस्किट बिघडलं. बिघडलेली असते शिवण.

जाडी वाढायची कारणं : नवीन मैद्याचा ग्लुटेन वेगळा, अमोनियम बायकार्बोनेट जास्त, किंवा कणीक गरम. पुड्यावर ५०३, ५००, २२३ हे आकडे दिसतात ना, पहिले दोन फुगवणारे आणि २२३ हे सोडियम मेटाबायसल्फाइट, ग्लुटेन ढिला करायला. यातलं एक हललं की वजन, जाडी, लांबी तिन्ही हलतात.

आडकित्ता

चहात बुडवल्यावर दोन सेकंदांत तुटतं, त्याला काही आकडा?

बॉयलरदादा

तो तुमच्या चहाचा दोष. उकळत्या चहात साखर आणि चरबी लगेच सुटतात. थोडा निवू द्या.

मधलं_बोट

चौहानांबद्दल बोलताना एक घोळ नको. पारले एक नाही, तीन घरं आहेत. बिस्किटं-गोळ्यांची पारले प्रॉडक्ट्स, फ्रूटीवाली पारले अॅग्रो, आणि बिसलेरी. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट १९९३ मध्ये कोका-कोलाला गेले ते बिसलेरीच्या रमेश चौहानांच्या बाजूने. सगळ्यांचं मूळ विलेपार्ल्याचं, १९२९ चा कारखाना, आधी गोळ्या, बिस्किटं १९३९ पासून. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पुढे 'पारले' हे नाव गोळ्यांवर कोणी लावायचं यावरून दोन घरं कोर्टातही गेली. बाजारात न जाण्याची ही दुसरी बाजू : भांडण भागधारकांच्या सभेत नाही, जेवणाच्या टेबलावर होतं आणि मग थेट वकिलाकडे.

कोकम_सरबत

नागपूर-दिल्लीच्या हल्दीरामांनी उलट केलं. वेगळी झालेली घरं स्नॅक्सपुरती एकत्र आणली, आणि २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकला छोटा हिस्सा दिला. बाहेरचा पाहुणा आला, पण बाजारातून नाही.

गूळपोळी

आणि रावळगाव? ते कोणी विसरलं नाही ना? मालेगावजवळची वालचंद हिराचंदांची साखर कंपनी, गोळ्या १९४० च्या दशकापासून. पान पसंद, मँगो मूड, लॅको. ही तर बाजारात नोंदलेली होती! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रँड, ट्रेडमार्क आणि पाककृती मिळून रिलायन्स कन्झ्युमरला २७ कोटींना दिले. जमीन आणि यंत्रं विकली नाहीत. म्हणजे खडीसाखर, बाजारात असूनही वाढता आलं नाही.

का? गोळीचा हिशोब बघा. ४ ग्रॅमची गोळी १ रुपयाला म्हणजे किलोला २५० रुपये छापील. त्यातून कर, वाणी, वितरक, बरणी, आवरणाचा कागद वजा. उरलेल्यात साखर, ग्लुकोज, गॅस, मजुरी. २५ पैशांचं नाणं २०११ मध्ये बंद झालं, ५० पैशांचं कोणी घेईना, त्यामुळे १ रुपयाखाली जागा नाही आणि १ चे २ करायचे तर गिऱ्हाईक तिथेच थांबतं. बाजूला कोणताही गल्लीतला कारखाना तीच गोळी करतो, कारण पाक हा पाकच आहे. साखर ५५ ते ६० टक्के, बाकी ग्लुकोज, १४५ ते १५० अंश, नाहीतर निर्वातात त्याहून कमी तापमानावर. ओलावा १ ते ३ टक्क्यांवर आणायचा. आंबट घालायचं ते पाक १२० च्या खाली उतरल्यावर. आधी घातलं तर साखर फुटून इन्व्हर्ट होते आणि गोळी कागदाला चिकटते. ग्लुकोज कमी घातलं तर उलट, गोळीचा काचेसारखा तुकडा आठवड्यात खडबडीत, साखरट होतो. पॅकिंगच्या खोलीत हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली. कोकणातल्या जुलैत हे एसीशिवाय होत नाही.

आडकित्ता

गोळीचा खरा मारेकरी यूपीआय. "सुट्टे नाहीत, दोन गोळ्या घ्या" हे वाक्यच मेलं. एवढा मोठा वितरणाचा मार्ग एका क्यूआर कोडने बंद केला.

हिशोबी_मांजर

:) आडकित्तेराव, हा धाग्यातला पहिला विनोद ज्यात अर्थशास्त्र आहे.

उंबरठा

एक व्यावहारिक शंका. खासगी आहेत म्हणजे आकडे गुप्त, ना? मग इथे सगळे इतक्या खात्रीने कसे बोलताहेत?

ताळेबंद

भारतापुरतं तरी गुप्त नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात खासगी कंपनी म्हणजे जिला शेअर हस्तांतरणावर बंधन आहे आणि सभासद २०० च्या आत. पण ताळेबंद तिलाही भरावाच लागतो. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर खातं उघडा, सार्वजनिक कागदपत्रं पाहायच्या सोयीत जा, कंपनीचं नाव टाका, १०० रुपये भरा. कागद ठरावीक मुदतीतच उघडतात, म्हणून बसायला वेळ असेल तेव्हाच पैसे भरा आणि लगेच उतरवून घ्या.

कोणते कागद : एओसी-४ म्हणजे ताळेबंद आणि नफातोटा, एमजीटी-७ म्हणजे वार्षिक विवरण, त्यात भागधारक. पारले, परफेटी, फेरेरो आणि मार्स यांच्या भारतातल्या कंपन्या हे सगळे इथे सापडतात.

काय वाचायचं : आधी संबंधित पक्षांशी व्यवहारांची टीप. परदेशी मालकाला रॉयल्टी किती जाते, घरच्यांच्या जागेचं भाडं किती, ते तिथेच. संचालकांच्या पगारावर ११ टक्क्यांची मर्यादा सार्वजनिक कंपनीला आहे, खासगीला नाही, म्हणून नफा कमी दिसला तर आधी पगाराची ओळ बघा.

झटपट युक्ती : सीएसआरची, म्हणजे समाजकार्यावरच्या खर्चाची, सक्ती मोठ्या खासगी कंपनीलाही आहे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी करपूर्व नफ्याच्या २ टक्के. म्हणजे सीएसआरचा देय आकडा गुणिले ५० केला की तो सरासरी नफा.

सापळा : जुनी मिठाईची दुकानं बऱ्याचदा भागीदारी संस्था असतात, त्यांचं काहीच इथे मिळत नाही. आणि कंत्राटी कारखान्यांत बनलेला माल वेगळ्याच कंपनीच्या पुस्तकात असतो, त्यामुळे यंत्रांचा आकडा विक्रीच्या मानाने फारच लहान दिसतो.

मार्सचं मात्र अवघड. अमेरिकेत खासगी कंपनीने हिशोब जाहीर करायची सक्ती नाही. फेरेरोचं मुख्यालय लक्झेंबर्गला, तिथे एकत्रित हिशोब निघतात. २०२३-२४ ची उलाढाल १८.४ अब्ज युरो.

उंबरठा

हे सोनं आहे. वाचनखूण साठवली.

खडीसाखर

धागा बिस्किटाच्या शिवणीपर्यंत पोचला, मजा आली. पण माझा दुसरा प्रश्न अजून उभा आहे. बाग, कर्ज, गाळणी सगळं ठीक. गिऱ्हाइकाच्या हातात फरक दिसतो का? एक तरी उदाहरण द्या, जे बाजारातली कंपनी करणार नाही.

फुलपात्र

रोशे. इटलीत फेरेरो उन्हाळ्यात रोशे आणि माँ शेरी विकायला ठेवत नाही. माल संपतो म्हणून नाही, काढून घेतात. काही महिन्यांची विक्री सोडून द्यायची, दरवर्षी.

कारण तांत्रिक आहे. कोको बटरचा जो स्फटिक हवा, तो साधारण ३४ अंशांना वितळतो. दुधाळ चॉकलेटला टेंपर करताना ४५ वर नेऊन २७ च्या आसपास खाली आणून परत २९-३० वर धरतात, तेव्हा तो स्फटिक मिळतो. तापलेल्या गाडीत किंवा दुकानाच्या काचेत तो मोडला की निवल्यावर वर पांढरी साय येते. रोशेत दुसरा शत्रू आत बसलेला आहे : हेझलनटचं द्रव तेल. ते हळूहळू बाहेर झिरपून चॉकलेटला मऊ करतं, आणि उष्णतेत हे झिरपणं फार वेगाने होतं. वेफर मात्र टिकतो, कारण त्याला लागून असलेलं क्रीम चरबीचं आहे, त्यात मोकळं पाणी नाही.

आणि याच अडचणीतून २००१ मध्ये किंडर जॉय आलं. चॉकलेटचं कवच काढूनच टाकलं, क्रीम चमच्याने खायचं, वितळलं तरी काही बिघडत नाही. वर खाऊ एका अर्ध्यात आणि खेळणं दुसऱ्या अर्ध्यात असल्याने अमेरिकेतही चाललं. तिथे १९३८ च्या कायद्याने मिठाईच्या आत न खाण्याची वस्तू ठेवता येत नाही, म्हणून चॉकलेटच्या अंड्यात खेळणं असलेलं किंडर सरप्राइज आजही बंद.

हिशोबी_मांजर

हे उदाहरण मानते. पण तेच किंडर जॉय आपल्याकडे भर मेमध्ये खपतं, आणि ते बारामतीच्या एमआयडीसीत तयार होतं. म्हणजे संयम इटलीत आणि विक्री बारामतीत. घर हुशार आहे.

टिक टॅकची हुशारीही तीच. गोळी ०.४९ ग्रॅमची. अमेरिकेत एका मात्रेत साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर लेबलवर शून्य लिहिता येतं. जवळजवळ पूर्ण साखरेची गोळी आणि साखर ० ग्रॅम. हे करायला शेअर बाजार लागत नाही, वजनकाटा लागतो.

सोलापुरी_चादर

वजनकाट्यावरून आठवलं. ६१.८ ग्रॅम खरंच भरतं का हे घरी तपासायचं तर कसं?

ताळेबंद

पुड्यावर निव्वळ वजन आणि प्रति ग्रॅम दर दोन्ही छापलेले असतात, ते आधी बघा, कारण कंपनीने किती वाढवलं ते तिथेच कळेल. ६१.८ हा आपला हिशोब, छापील आकडा नाही. मग किमान दहा पुडे घ्या. ५० ते १०० ग्रॅमच्या पुड्याला एकट्याने ४.५ ग्रॅमपर्यंत कमी भरायची कायद्याने मुभा आहे, पण सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. म्हणून एकाच पुड्यावरून भांडायला जाऊ नका. रिकामी फिल्म वेगळी मोजून वजा करा. आणि भाजीचा ५ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा नको, ०.१ ग्रॅमचा हवा.

आडकित्ता

दहा पुडे म्हणजे ५० रुपये. मोजून झाल्यावर पत्ता कळवा, चहा घेऊन येतो. निवलेला.